परळला राहिलेली रिंग

फणसवाडीतल्या काकांची मायनर मोटार त्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत गल्लीबाहेर निघायला हवी होती. चाळ पाडायला घेतली होती. सहा वाजता कंत्राटदार फाटकाला पत्रे ठोकणार होता, आणि आत जे राहील ते भंगारात. काकांनी पनवेलजवळ पुतण्याच्या शेडमध्ये जागा करून ठेवली होती. गाडी नेणारा ट्रक मुख्य रस्त्यावर थांबणार होता, कारण गल्लीत तो वळतच नाही. तिथपर्यंत गाडी ढकलत न्यायची, एवढंच काम. पण पुढचं डावं चाक फिरत नव्हतं. शनिवारी त्याच्याखाली चाकांची ट्रॉली घालून पाहिली, ती गटाराच्या फरशीत अडकली.

काका माझ्या वडिलांचे मित्र. दोघांनी एकाच वर्षी, एकसारख्या जुन्या मायनर घेतल्या होत्या. वडिलांची आता माझ्याकडे आहे, परळला. ती मी चालवते आणि तिची बरीचशी कामं स्वतःच करते. काकांची अकरा वर्षं जागेवरून हलली नव्हती. म्हणून मीच सुचवलं की माझ्या गाडीचं डावं हब त्यांच्या गाडीला लावू. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, तसं मोटारीच्या चाकाला हब. त्याच्या आत दोन बेअरिंग, आणि त्यांच्यावर चाक फिरतं.

मी चौदा कामांची यादी केली. वेळ वाचावा म्हणून कामं वाटून घेतली. लालबागचा मेकॅनिक सकाळी फणसवाडीत काकांचं चाक उघडणार, त्याच वेळी मी परळला माझं काढणार. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात हे मी यादीत लाल शाईने लिहिलं होतं, त्यामुळे तिथे चुकले नाही. ब्रेकचा ड्रम काढला, नट काढला, हब ओढलं, ते निघालं. फडक्यात गुंडाळून टॅक्सीत बसले. अकरा कामांवर टिक झाली होती.

मी पोचले तेव्हा मेकॅनिक काकांच्या गाडीच्या एक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, अडकलेली बेअरिंगची गंजलेली रिंग छिन्नीने फोडत होता. काका पायरीवर उभे राहून बघत होते. हबमधून ग्रीसऐवजी तांबडा चिखल निघाला होता.

"हे असं कशाने होतं रे?" काकांनी विचारलं.

मी मेकॅनिककडे पाहिलं. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला,

"पाण्याने. गाडी चालली नाही तर आतलं पाणी सुकत नाही. तुम्ही धूत होता ना?"

काका दर दसऱ्याला गाडी धूत असत. नळ डाव्या बाजूला, म्हणून बादल्या पहिल्यांदा याच चाकावर. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि पुन्हा वर्षभर कव्हर. वाडीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं, मीही. गाडी किती निगुतीने ठेवलीय म्हणून आम्ही कौतुकच करत आलो होतो.

काका पायरीवर बसले.

मेकॅनिकने एक्सल घासून स्वच्छ केला आणि माझं फडकं उघडलं. हबमध्ये बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ताई, नवरा आणलात. बायको परळलाच राहिली."

आतल्या बेअरिंगची रिंग माझ्या गाडीच्या एक्सलवरच चिकटून राहिली होती. हब ओढलं की बहुतेकदा असं होतं, म्हणाला. मी यादीत 'हब, दोन्ही बेअरिंगसह' असं लिहिलं होतं आणि आत काहीतरी चकाकताना दिसलं म्हणून टिक केली होती. बेअरिंगच्या गोळ्या आल्या होत्या, रिंग नव्हती. तिच्याशिवाय चाक बसणारच नाही. रविवार असल्यामुळे बेअरिंगची दुकानं बंद. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मेकॅनिकला सोबत नेलं असतं, पण इथे ब्रेकच्या पट्ट्याही गंजून बसल्या होत्या, त्या सोडवायलाच त्याला दोन तास हवे होते. मी त्याचा पुलर घेतला आणि टॅक्सीने परळ गाठलं.

पुलर म्हणजे दोन नख्यांचं हत्यार. नख्या रिंगच्या मागे अडकवायच्या आणि मधला बोल्ट पिळायचा. मागे जागा जेमतेम नखाएवढी. पहिल्यांदा नख्या सटकल्या. दुसऱ्यांदा सटकल्या तेव्हा रिंगच्या कडेला ओरखडा आला. मी मेकॅनिकला फोन लावला. घाई करू नका, तो म्हणाला. आधी दोन बाजूंनी दोन स्क्रू-ड्रायव्हर घालून केसभर सरकवा. रिंग तडकली तर ती आणि माझं हब दोन्ही बाद, हे त्याने सांगितलं नाही, मला माहीत होतं. तळहाताला घाम आला होता, तो साडीवरच पुसला. चौथ्या वेळी कट्ट आवाज झाला. मला वाटलं, तुटली. पण ती सुटली होती.

फणसवाडीत परतले तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. फाटकाशी पत्रे येऊन पडले होते. रिंग, हब, ड्रम, चाक. मेकॅनिकने नट आवळला आणि बाजूला झाला.

"काका, फिरवून बघा."

काकांनी उठून चाकाला हात लावला. ते फिरलं. जरा खरखरलं, पण फिरलं.

ब्रेकच्या पट्ट्या सोडवल्यामुळे आता गाडीला ब्रेक अजिबात नव्हता आणि गल्लीला मुख्य रस्त्याकडे उतार आहे. काका स्टिअरिंगला बसले. मी आणि शेजारचे दोघे पुढे येऊन बॉनेटला उलटा रेटा देत राहिलो. मेकॅनिक लाकडी ठोकळा घेऊन चाकाशेजारी चालत होता. पावलापावलाला, गाडी धावायला लागली की तो ठोकळा पुढ्यात टाकायचा. गटाराच्या फरशीवर डावं चाक आलं. चाक खाली बसलं, वर आलं आणि पुढे गेलं.

ट्रकवाल्याने साखळ्या आवळल्या तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती. काका खाली उतरले आणि मला म्हणाले, "आता तुझं हब काढून घे. माझी तिथे उभीच राहायची."

"तिथे ट्रकवरून उतरवायची कशी?" मेकॅनिकने विचारलं.

याचा विचार काकांनी केला नव्हता. खरं सांगायचं तर मीही केला नव्हता. हब पनवेलला गेलं. माझी गाडी परळला तीन चाकांवर उभी राहिली, आणि पत्रे ठोकायला सुरुवात झाली तेव्हा काका ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून शेडचा रस्ता सांगत होते.