बकरीनं खाल्लेलं पान

पुसदच्या बाजारगल्लीत मानीबाई राठोड पुस्तकं बांधते. नवरा शंकरसिंग होता तोवर ती फक्त खळ शिजवायची. तो गेल्यावर सुई-दोराही तिच्याच हाती आला. शाळांची हजेरीपत्रकं, भजनी मंडळांच्या पोथ्या, तांड्यावरच्या लग्नाचे अल्बम, सगळं तिच्याकडे येतं. तिला अक्षर येत नाही, म्हणून ती सगळ्याच पुस्तकांशी सारख्याच अदबीनं वागते.

गेल्या होळीनंतर रामराव देशमुखांनी तिच्यापुढे एक पत्र्याची पेटी आणून ठेवली. त्यांच्या आजोबांच्या काळात जंगलखात्याचा एक साहेब त्यांच्या घरात भाड्यानं राहत होता, बदली झाली तेव्हा तो ती पेटी मागे सोडून गेला. आत सहा जाड पुस्तकं होती, शिवण सुटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आणि अक्षरं अशी की कुणालाच वाचता येईनात. हायस्कूलचे निवृत्त मास्तर मोडी म्हणाले. मौलवीसाहेब म्हणाले, चाल उर्दूची आहे, पण अक्षरं आमची नाहीत. मग एका ज्योतिषानं दोन दिवस दुकानात बसून त्यातून तिघांचे लग्नयोग काढले. तिसऱ्या दिवशी मानीबाईनं त्याच्या हातातलं पुस्तक काढून सुलटं करून दिलं.

"अंगठ्याचे डाग पाहा ना महाराज," ती म्हणाली. "माणूस पान खालून उलटते, वरून नाही. आन् हे पुस्तक उजवीकडून उघडते."

त्या आठवड्यात अख्खं पुसद तिच्याइतकंच अडाणी झालं होतं, आणि तिला मनातून ते फार आवडत होतं.

रामरावांच्या नातीनं, सुरभीनं, पानांचे फोटो मोबाइलवर इकडे तिकडे पाठवले, तेव्हा ठाण्याहून दाऊद रोहेकर नावाच्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांचा फोन आला. ते ज्यू होते, पण मराठी मास्तरांपेक्षा चोख बोलायचे. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. त्यांनी सांगितलं की ही हिब्रू भाषा, हे ज्यूंचे धर्मग्रंथ, आणि लिहिणारे रब्बी, म्हणजे धर्मशास्त्र जाणणारे पंडित. मात्र या सहांपैकी एकाचंही नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पहिला रब्बी बगदादकडच्या एका खेड्यातला. त्याच्या गावात एका बकरीनं धर्मग्रंथाचं पान खाल्लं, देवाचं नाव असलेलं. असं पान जीर्ण झालं तरी फेकत नाहीत, माणसासारखं मानानं पुरतात. मग त्या बकरीचं काय करायचं? दूध प्यायचं का? मेली तर खांदा द्यायचा का? यावर त्यानं दोनशे बारा पानं लिहिली आणि शेवटी लिहिलं की मला माहीत नाही. उरलेली पाच पुस्तकं म्हणजे पाच रब्बींनी त्याच्याशी घातलेला वाद.

ही बातमी गल्लीत पसरली आणि दोन तट पडले. दूध चालते म्हणणारे चहाच्या टपरीच्या या बाजूला बसू लागले, चालत नाही म्हणणारे त्या बाजूला. हरिसिंग दूधवाल्याला तर लोक रोज विचारू लागले की तुझी बकरी काय खाते. त्यानं वैतागून म्हैस घेतली.

वैशाखात रोहेकर बसनं पुस्तकं न्यायला आले. रामरावांनी ती आनंदानं देऊन टाकली. मानीबाईनं सहाही पुस्तकांना नव्यानं घातलेल्या शिवणीवरून म्हाताऱ्यांनी हळूच बोट फिरवलं. तिनं एवढंच मागितलं, की त्या सहाही जणांची नावं एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनी वाचली. तिनं एकेक नाव त्यांच्या मागोमाग म्हटलं, थोडं चुकत. एवढ्या वर्षांत ही नावं कुणी उच्चारली नसतील, असं म्हणून रोहेकरांनी चष्मा पुसला.

मग तिनं विचारलं, बकरीनं पान खाल्लं ते कुठलं? मधलं की पुठ्ठ्याजवळचं?

रोहेकरांनी पहिल्या रब्बीचं पुस्तक चाळलं. पुठ्ठ्याजवळचं होतं. पहिलंच.

"मंग तिनं देवाचं नाव नाही खाल्लं, साहेब," मानीबाई म्हणाली. "खळ खाल्ली. खळ कणकीची असते. कागद तिले कायले पाहिजे?"

रोहेकर खाली बसले. त्यांनी तिचं म्हणणं हिब्रूत लिहून घेतलं, खाली तिचं नाव घातलं आणि तिच्याकडूनच तो कागद सहाव्या पुस्तकाच्या शेवटी शिवून घेतला. बस सुटेपर्यंत टपरीच्या दोन्ही बाजू एक झाल्या होत्या.

आठ दिवसांनी ठाण्याहून फोन आला. तिथल्या तीन वडीलधाऱ्यांनी तिचा निवाडा वाचला होता, मान्यही केला होता. फक्त खळीत आणखी काय घालतात ते त्यांना हवं होतं.

"मोरचूद," मानीबाईनं सांगितलं. "किडा लागू नये म्हनून. जहर असते ते."

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग रोहेकर संकोचत म्हणाले, "बाई, एकाचं म्हणणं आहे, मग ती बकरी जगली कशी?"

मानीबाईनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि खळीच्या पातेल्याखालची आच कमी केली. याला वेळ लागणार होता.