चित्रातल्या बाईचं माप

शिवणबाईंचा एक नियम होता. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. म्हणूनच कलादालनातून निरोप आला, 'चित्रातल्या बाईवर टाकायला पडदा शिवा', तेव्हा त्या गळ्यात टेप अडकवून थेट तिथे गेल्या.

खिडकीशी बसलेल्या त्या बाईच्या अंगावर सूतभरही कापड नव्हतं, म्हणून दाराशी आठवडाभर घोषणा चालल्या होत्या. व्यवस्थापक घायकुतीला आला होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की ती बाई म्हणजे बावीस वर्षांच्या शिवणबाईच! तीन महिने चित्रकारासमोर बसून मिळालेल्या पैशांतून त्यांनी शिलाई मशीन घेतलं आणि त्यावर मुलीला एकटीने वाढवलं. तरुणपणाचा साधा फोटोही त्यांच्यापाशी नव्हता. होतं ते हे चित्र, आणि ते झाकू द्यायचं नाही हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

निघताना मुलगी रडकुंडीला आली होती. "आई, झाकून मोकळी हो. कुणी ओळखलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मी काय चोरी केलीय?"

दाराशी त्यांनी घोषणावाल्यांच्या पुढाऱ्यालाच गाठलं. "दादा, आत चला. कुठून कुठपर्यंत झाकायचं ते टेप धरून दाखवा. उगाच आखूड झालं तर पुन्हा तुमचीच तक्रार."

"मी... मी ते चित्र पाहिलेलं नाही."

"अगं बाई! न बघताच आठवडाभर घसा फोडलात?"

मागची माणसं हसली. पुढारी तणतणत आत आला, मान फिरवून त्याने टेप लावली.

"दादा, ती खिडकी आहे. तिलाही झाकायचं का?"

टेप तिथेच टाकून तो निघून गेला.

शिवणबाईंनी पडद्याच्या कापडातून चाळीस डोळेपट्ट्या शिवल्या, त्याच जुन्या मशीनवर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कलादालनाच्या दाराशी खिळ्याला अडकवल्या, वर पाटी लावली: 'ज्यांना चित्र सोसत नाही त्यांच्यासाठी. फुकट. सैल झाल्यास घट्ट करून मिळेल.' व्यवस्थापकाला घाम फुटला, पण पाटी काढायचा धीर त्याला झाला नाही.

दुपारपर्यंत आत रांग लागली. पट्टी एकानेही घेतली नाही.

मुलगी आली ती खाली मान घालून. चित्रासमोर मात्र बराच वेळ उभी राहिली.

"कोण असेल हो ही?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं.

दाराशी उभ्या शिवणबाई दोन पावलं पुढे आल्या.

"माझी आई," मुलगी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.