कॉफीच्या फुलांची तारीख

“अक्का, तुझी पार्टी वीस दिवसांनी येणार ना? तोवर इथे नुसती पानं दिसतील. काल पाऊस झाला.”

फोनवर कोडगूचा, म्हणजे कूर्गचा, बोपण्णा होता, कॉफीच्या मळ्याचा मालक. बंगळुरूत इंदिरानगरच्या ऑफिसात बसून मी बावीस वर्षं सहली आखतेय. त्यामुळे अर्थ लगेच कळला. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या पहिल्या चांगल्या सरीला ब्लॉसम शॉवर म्हणतात. त्यानंतर साधारण आठ दिवसांनी अख्खा मळा पांढरा होतो आणि तीन-चार दिवसांत फुलं सुकतात. पूर्वी या पावसाचा अंदाज बांधता यायचा. हल्ली तो कधीही येतो, कधी येतच नाही.

पार्टी म्हणजे साताऱ्याचे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक, जोशी सर, आणि त्यांचे दहा जुने विद्यार्थी. सरांनी आयुष्यभर कॉफीचं फूल फळ्यावर काढून शिकवलं होतं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. सध्या ते इथेच बंगळुरूत, महादेवपुऱ्यात मुलीकडे, केतकीकडे राहत होते.

मी केतकीला सांगितलं, “पुढच्या आठवड्यात निघायचं.”

“मॅडम, सगळ्यांची रिझर्वेशन्स झालीत. रजा मंजूर आहेत. तुम्हीच तारीख दिली होती ना?”

“दिली होती. चुकली. आता बदलू या.”

सरांनी फोन घेतला. “मुलांना सोडून मी एकटा जाणार नाही.”

ही मुलं पन्नाशीची होती.

“सर, फूल कुणासाठी थांबणार नाही. येतील तेवढ्यांना घेऊन जाऊ.”

त्यांनी केतकीकडे विद्यार्थ्यांच्या नंबरांची वही मागितली. मग म्हणाले, “बरं. विचारतो सगळ्यांना.”

मोठी बस रद्द करून मी छोटी गाडी ठरवली. रिसॉर्ट भरलेलं होतं, म्हणून बोपण्णाच्याच घरी तीन खोल्या मागितल्या. “सरी, अक्का,” तो कन्नडमध्ये ‘ठीक आहे’ म्हणाला. दहापैकी चौघं मिळेल त्या बसने आले.

पावसानंतर नवव्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यात शिरलो. मोगऱ्यासारखा वास, फांदी न् फांदी पांढरी. सरांनी खिशातून भिंग काढलं आणि पाकळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“अरे, याला सहा आहेत! मी तुम्हाला पाचच शिकवल्या.”

“पेपरात पाचच लिहिल्या होत्या, सर. मार्क मिळाले,” एक विद्यार्थी म्हणाला. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. न आलेल्या सहा जणांसाठी त्यांनी सहा फुलं वर्तमानपत्रात दाबून घेतली.

आता या सहलीच्या फॉर्मवर मी तारीख लिहीत नाही. ‘पावसानंतर आठ दिवसांनी’ एवढंच लिहिते. लोक कुरकुरतात. त्यांना मी बोपण्णाचा नंबर देते.