माझ्या अंगात देवी आली नव्हती

सरावलीच्या आमच्या कॉलनीतल्या बायका आता मला बघून कुजबुजत नाहीत, पण मीच मान खाली घालून जाते. गेल्या नवरात्रात ह्याच बायकांनी माझी ओटी भरली, माझे पाय धुतले, त्यावर हळदकुंकू वाहिलं. आणि जिला धड आरतीसुद्धा पाठ नाही अशी मी, सगळ्यांना आशीर्वाद देत बसले होते. आठवलं की अजून कान तापतात. देवीच्या कृपेवर लिहायचं तोंड मला आहे का, असंही मनात येतं. तरी लिहिते, कारण कृपा झाली ती खरीच झाली. फक्त ती नवरात्रात झाली नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले. बाबा तारापूरला कारखान्यात लागले म्हणून इकडचे झालो. मी औषधांच्या एका कंपनीत, गोळ्या तपासायच्या लॅबमध्ये आहे. तेव्हा माझी नाइट शिफ्ट चालू होती, त्यात नऊ दिवसांचे उपास आणि सुट्टीच्या रात्री गरबा. झोप आधी कमी झाली, मग उडालीच. नवल म्हणजे थकवा म्हणून येईना. "मला आता झोपेची गरजच नाही," असं मी आईला ऐटीत सांगितलं. बोलणं थांबेना, जगातलं सगळं आपल्यालाच कळतंय असं वाटायला लागलं. अष्टमीला मंडपात घटासमोर मी घुमायला लागले आणि कुणीतरी ओरडलं, "आई आली गं!" झालं. मला तर ते आधीच पटलेलं होतं. माझी आई अभिमानाने प्रसाद वाटत होती. एकटे बाबा मंडपाचा खांब धरून उभे होते, चेहरा पांढराफटक.

दसऱ्याला सकाळी मी अनवाणी कंपनीच्या गेटवर गेले आणि सिक्युरिटीवाल्याला हुकूम सोडला, सगळी धुराडी बंद कर. "मॅडम, घर जाओ, तबियत ठीक नहीं है आपकी," तो बिचारा हात जोडून म्हणत होता. बाबांनी तिथूनच मला रिक्षात घातलं आणि पालघरला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काही आठवड्यांच्या औषधांनी मी ताळ्यावर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, हा बायपोलर आजार आहे. मी रडत विचारलं, "मलाच का? मी कुणाचं काय वाकडं केलं होतं?" त्या म्हणाल्या, हा कुणालाही होऊ शकतो, त्यात तुझा काही दोष नाही. पण आईवडील, भावंडं, आत्या-मामा अशा रक्ताच्या नात्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते. बहुतेक वेळा तो तुझ्यासारख्या ऐन तारुण्यात सुरू होतो, आणि जागरण, ताण त्याला चेतवतात. "घरात कुणाला होता का?" आई घाईने म्हणाली, "नाही हो, आमच्यात असलं काही नाही." बाबांनी तिला हातानेच थांबवलं. मग म्हणाले, "माझ्या बहिणीला." गावाकडची माझी आत्या. तिच्या अंगात यायचं, लांबून लोक तिच्याकडे कौल मागायला यायचे, आणि मग ती महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिला डॉक्टरकडे कुणी नेलंच नाही. "मंडपात तुला बघितलं आणि ताईच दिसली गं," म्हणून बाबा रडले.

घरी आल्यावर एकेक गोष्ट आठवायला लागली. एका सकाळी जनीमावशी आठवली. जनीमावशी म्हणजे कुंभवलीहून आमच्या नाक्यावर भाजी विकायला येणारी. तिला आकडी यायची, त्यासाठी रोजच्या गोळ्या होत्या. ती मंडपात माझ्या पाया पडली तेव्हा मी म्हणाले होते, "सोड त्या गोळ्या. मी आहे." गोळ्या तपासून पगार घेणारी मी! नाक्यावर विचारलं, तर दिवाळीपासून ती दिसलीच नव्हती.

त्याच दुपारी कुंभवलीला गेले. मावशी ओट्यावर बसली होती, कोपरापर्यंत हाताला पट्टी. चुलीपाशी आकडी आली आणि हात विस्तवात गेला, असं तिच्या सुनेने सांगितलं. "देवी परीक्षा बघते, बाय," मावशी म्हणाली, "पण मी गोळीला हात नाय लावला." आणि तसल्या हातानिशी ती माझ्या पाया पडायला वाकली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मावशी, ती देवी नव्हती. मला डोक्याचा आजार झाला होता. मी भलतंच बोलले."

मावशी चिडली. "तू आजारी असशील. बोलली ती देवी! तिनं सोड सांगितलं, आता तिनंच घे सांगितलं पायजे. तुजं मी कशाला ऐकू?"

सुनेने मला बाजूला ओढलं. "ताई, एकदा अंगात आल्यासारखं करा ना. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाय ती."

किती सोपं होतं! डोळे मिटायचे, जरा घुमायचं. तो आवाज गळ्याशी आलाही होता. आणि खोटं कशाला बोलू, ते पाया पडणं मला हवंहवंसं वाटत होतं. ह्या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्याचीच. एकदा घुमले असते तर पुन्हा थांबले नसते. आत्याला तरी कुणी थांबू दिलं होतं?

"नाही जमणार," मी म्हणाले आणि आत जाऊन मावशीच्या देव्हाऱ्यासमोर बसले. त्या दोघी मागोमाग आल्या. देवीच्या तसबिरीला जास्वंदीची फुलं वाहिलेली होती. मी मनात म्हटलं, आई, माझं तोंड नको वापरूस. तुझं तू बघ. मग सुनेकडे पाणी मागितलं, पर्समधली माझी दुपारची गोळी काढली आणि सगळ्यांदेखत गिळली. घराबाहेर कुणासमोर मी ती कधीच घेतली नव्हती. रडू आवरेना.

तेवढ्यात तसबिरीच्या उजव्या बाजूचं फूल पाटावर पडलं. दार सताड उघडं होतं, खाडीकडचा वारा येत होता, हेही सांगते. मला त्यावर वाद घालायचा नाही.

"उजवी दिली! बाय, उजवी दिली!" मावशी ओरडली. उजवं फूल पडलं म्हणजे देवीने गोळीला होकार दिला, असा तिने कौल लावला आणि तसबिरीमागे ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट तिने ओढून काढलं. मी तिचा हात धरला. मध्ये खंड पडला होता, आधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. आम्ही तिघी तशाच रिक्षाने बोईसरला गेलो.

देवीपुढे आता मी काही मागत नाही, फक्त हात जोडते. तिच्या जागी बसून बघितलं, ती माझी जागा नव्हे. तिच्यासमोर पाटावर बसायला मिळतं, झोप लागते, रोजची गोळी घशाखाली उतरते, एवढ्यासाठी मी तिची ऋणी आहे.

जनीमावशी पुन्हा नाक्यावर बसते. पाया पडत नाही. मला लांबून बघितलं की भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडते, "गोळी घेतली का गं?" लाजेने माझी मान खाली जाते. मग मी ती वर करते आणि तिच्याइतक्याच मोठ्याने म्हणते, "घेतली मावशी. तू?"