लिंबाजीरावांची जोडअवजारे

कोणी नवा मोबाइल घेऊन आले, की लिंबाजीराव विचारीत, "ट्रॅक्टर तर आणलाव, आता मागं काय जोडणार?" परभणीच्या स्टेशन रस्त्यावरील त्यांच्या दुकानात फोन दुरुस्त होत, परंतु त्यांचा खरा जीव समाजमाध्यमांना जोडायच्या लहानसहान साधनांवर होता.

पशुवैद्यक म्हणून निवृत्त झाल्यावर शेळीपालनाच्या चित्रफिती करण्याचे धाडस मी केले, ते त्यांच्याच भरवशावर. माझा दबका आवाज शेळ्यांच्या ओरडण्यात बुडे. त्यांनी पदराला लावायचा माइक दिला, बोलण्याखाली अक्षरे उमटवणारे साधन बसवले. "तुमी फकस्त बोला, डॉक्टरबाई. बाकीचं हे ओढतंय."

मग चित्रफितींखाली शिव्या येऊ लागल्या. चित्रफितींचे ते पानच बंद करायचे ठरवून मी दुकानात गेले.

"कुत्री भुंकत्यात म्हणून कुणी गाव सोडतंय का?" असे म्हणत त्यांनी नवे साधन काढले. त्यात नकोसे शब्द भरून ठेवले, की ते शब्द असलेली प्रतिक्रिया जाहीर न होता बाजूला पडे. पण शब्द भरायचे कोणी? माझ्या तोंडून ते निघेनात. माझ्यासमोर त्यांच्याही निघेनात. अखेर माझ्याकडे पाठ करून ते टंकू लागले. आतून त्यांच्या पत्नी गयाबाई डोकावल्या.

"एवढ्यावरच थांबलाव व्हय? 'मुडदा' घातलाव का?" आणि पुढचे त्यांनी असे काही ऐकवले, की लिंबाजीरावांचे कान लाल झाले.

"अगं, हळू! डॉक्टरबाई हायेत."

"मग काय झालं? त्यांच्याच कामाला यायलंय की!"

पान शांत झाले. एका दुपारी लिंबाजीरावांचा फोन आला. बाजूला पडलेल्या प्रतिक्रिया ते अधूनमधून पाहत. "बाई, लवकर बघा. राणीसावरगावची बाई हाय."

मी पाहिले: "मुडदा बसविला या शेळीचा, सकाळधरनं पोट फुगून पडलीय. गाभण हाय. डॉक्टरबाई, काय करू?" खाली फोन क्रमांक होता. लाडक्या शेळीला तिने गावच्या रीतीने शिवी घातली होती, आणि तेवढ्यावरून आमच्या साधनाने तिची हाक अडवली होती.

अनोळखी माणसाला फोन करण्यास आयुष्यभर कचरलेली मी, तो क्रमांक लावून मोठ्याने बोलले: शेळीचे पुढचे पाय उंचावर घ्या, आडवी होऊ देऊ नका, जवळच्या डॉक्टरांना आत्ता बोलवा.

दिवेलागणीला तिचा फोन आला. "वाचली बघा, डॉक्टरबाई! मुडदा बसविला, चारा मागायलीय!" छातीवरचा दगड उतरला. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते.

गयाबाई म्हणाल्या, तो शब्द काढून टाका. लिंबाजीरावांनी नकारार्थी मान हलवली. "राहू द्या. पण चाळणीवर राहिलेलं बघितल्याबिगर उकिरड्यावर टाकायचं न्हाई. मोठा दाणा बी वरच राहतोय."

लिंबाजीराव आता मुलाकडे पुण्याला राहतात. बाजूला पडलेल्या प्रतिक्रिया मीच वाचते. शिव्या असतातच, पण आता त्यांपाशी मी थांबत नाही. मी खाली सरकत राहते, कारण कोणाची शेळी खोळंबली असेल, सांगता येत नाही.