दसऱ्याला बंद केलेलं मशीन

धाटावच्या त्या केमिकल कंपनीत मी नोकरीला लागले, तेव्हा एसी दोनच खोल्यांत होता. एक मॅनेजर साहेबांची केबिन आणि दुसरी माझी कॉम्प्युटर रूम. लोकांना वाटायचं, हिची मजा आहे. एसी माझ्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. मी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची आणि संध्याकाळी बाहेरच्या उकाड्यात पाऊल टाकलं की डोकं ठणकायला लागायचं. सकाळी पेणहून एसटी धरायची. वडखळ नाक्याला डोलवीच्या प्लँटवरची माणसं उतरली की कुठे टेकायला जागा मिळायची. नागोठण्यापर्यंत एक डुलकी, मग रोहा, तिथून कंपनीच्या बसने धाटाव. परतताना हेच सगळं उलटं. नव्वदीची जवळजवळ सगळी वर्षं माझी अशी गेली, आणि आजही त्या दशकाची आठवण काढली की पहिल्यांदा आठवतो तो दमलेपणा.

घरी मी आणि आई, दोघीच. मी नोकरीला लागले त्याच सुमारास आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडाफार सुधारला, हात लुळाच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी हात खांद्यातून फिरवायचा, नाहीतर सांधा धरतो आणि मग काही केल्या सुटत नाही. म्हणून माझा दिवस आईच्या हातापासून सुरू व्हायचा. ती कळवळायची, मला शिव्या घालायची, मी फिरवत राहायची. दिवसभर शेजारची काकू लक्ष ठेवायची. भाऊ डोंबिवलीला दोन खोल्यांत संसार थाटून बसला होता. "आईला इकडे आण," असं तो दर दिवाळीला म्हणायचा, आणि आई दर दिवाळीला म्हणायची, "मना पेणातशी हलवायची नाय." तेव्हा पेणहून रोज जाऊन येता येईल अशी नोकरी टिकवणं एवढंच माझ्या हातात होतं. ती नोकरी त्या मशीनवर उभी होती.

मशीन म्हणजे युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा सर्व्हर. दिसायला लहानशा गोदरेज कपाटाएवढा, करड्या रंगाचा, सतत घूं करणारा. त्याच्यापासून वायरी निघून स्टोअरमध्ये, लॅबमध्ये, ऑफिसात, पार बॉयलरच्या शेडपर्यंत गेल्या होत्या आणि प्रत्येक टोकाला हिरव्या अक्षरांचा एकेक टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. त्या टर्मिनलला स्वतःची अक्कल नव्हती. सगळी अक्कल माझ्या खोलीतल्या कपाटात. एकाच वेळी इतकी माणसं त्या एका मशीनवर काम करायची आणि प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्या एकट्याचंच आहे.

ते आलं तेव्हा मला काही आठवडे मुंबईला शिकायला पाठवलं होतं. शिकवणारे इंजिनिअर पोक्त होते, चहा फार प्यायचे आणि युनिक्सचा इतिहास घरातल्या माणसाची हकिकत सांगावी तसा सांगायचे. साठचं दशक संपता संपता अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काही जणांनी बाजूला पडलेल्या एका जुन्या मशीनवर हे लिहिलं. हुकूम इतके तोकडे का, तर तेव्हाचे टर्मिनल टाइपरायटरसारखे कागदावर खडखडत छापायचे आणि जास्त अक्षरं म्हणजे जास्त वेळ. पुढे ते विद्यापीठांत गेलं, मग कंपन्यांनी घेतलं, आणि प्रत्येक कंपनीने आपापलं वेगळं केलं. गावात प्रत्येक घरचं कालवण एकाच मासळीचं, पण चव वेगळी, तसं. एकाचं आलं म्हणून दुसऱ्याचं येईलच असं नाही. शेजारच्या खोलीत मोठ्या पडद्याची, माउस असलेली वर्कस्टेशन्स होती. त्यांच्यावर इंजिनिअर लोक नकाशे आणि यंत्रांची चित्रं काढायचे. मी दारातून डोकावून बघायची. आमच्या नशिबी हिरवी अक्षरंच होती.

युनिक्सची एक सवय मला पहिल्यापासून पटली. काम नीट झालं तर ते काही बोलत नाही. बिघडलं तरच बोलतं. घरात आणि कंपनीत माझंही तेच चाललं होतं, पण माझ्या गप्प बसण्याचं कोणी कौतुक केलं नाही.

दुसरी गोष्ट त्या इंजिनिअरांनी बजावून सांगितली. मशीन शक्यतो बंद करू नका. करायचंच झालं तर आधी 'सिंक' हा हुकूम द्या, म्हणजे मशीनच्या मनातलं सगळं डिस्कवर, कायमच्या साठ्यात उतरतं. आणि तो तीनदा द्या. मी विचारलं, एकदा पुरत नाही का? ते म्हणाले, पुरतो, पण आम्हाला आमच्या शिकवणाऱ्यांनी तीनदा सांगितलं, म्हणून तुम्हीही तीनदा द्या. सगळ्या जगातली युनिक्सवाली माणसं असं करतात म्हणे. मला हे फार आवडलं. इतक्या हुशार लोकांनाही देवाला तीनदा हात जोडल्याशिवाय बरं वाटत नाही तर.

आमच्या लोकांनी मशीनला आपल्या रीतीने सामावून घेतलं. माझ्या खोलीच्या बाहेर चपला काढायच्या, हा नियम खरं तर धुळीसाठी होता. पण हळूहळू लोक आत येताना आवाज खाली आणायला लागले, कोणी कोणी उंबऱ्याला हातही लावायचे. बॉयलरवर एक काका होते, खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातले, अंगाने वाळके, आवाजाने दणदणीत. दर खंडेनवमीला कंपनीतली सगळी यंत्रं बंद करून, धुऊन पुसून त्यांची पूजा व्हायची. हळदीकुंकवाचं ताट घेऊन काका सगळ्यांत शेवटी माझ्याकडे यायचे आणि दरवर्षी आमचं तेच भांडण व्हायचं.

"चालत्या मशीनला हळद लावतात काय गो? बंद कर तिला."

"काका, हे बंद करायचं नसतं."

"आख्खा वरीस राबते ती. माझ्या बॉयलरला सुट्टी हाय, पंपांना हाय. हिनीच काय घोडं मारलंय? एक दिस निजू दे."

मी हसून टाळायची. मग ते कपाटाच्या दारावर बेतानेच कुंकू लावायचे, एक झेंडूचं फूल ठेवायचे आणि मशीनकडे बघून मान हलवत जायचे. मशीनच्या बाबतीत त्यांना वाटायचं ते माझ्याबद्दल कोणाला कधी वाटलं नाही, याचा मला रागही यायचा. खोटं कशाला बोलू?

दशक संपत आलं तसं वारं फिरलं. मुंबईच्या ऑफिसात पीसी आले, रंगीत पडदे आले, माउस आले. ज्या कंपनीने आमचा सर्व्हर बनवला तिने ते मॉडेल कधीच सोडून दिलं होतं. सुटे भाग मिळेनात. मुंबईहून फोन आला की विचारायचे, "तुमचं ते म्हातारं अजून चालतंय का?" चालतंय, म्हणायची मी. ते चालत होतं तोवर त्याला सांभाळणारी म्हणून मी धाटावला होते. ते थांबलं तर सगळं काम मुंबईला जाणार होतं आणि माझी जागाही तिकडेच. हे मला कोणी लिहून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी खंडेनवमीलाच विजेच्या दुरुस्तीचं काम निघालं. पुण्याकडचे नवे मॅनेजर साहेब रोह्याजवळ वरसेला राहायचे आणि सकाळी सर्वांच्या आधी हजर असायचे. ते म्हणाले, "मॅडम, लाइट नसणार, एसी नसणार. काकाही म्हणत आहेत. एक दिवस बंद ठेवा." मी सांगायचं ते सांगितलं. जुन्या डिस्क थांबल्या की परत उठतील याचा भरवसा नसतो, मुंबईचे इंजिनिअर म्हणाले होते. साहेब म्हणाले, "अहो, बटण दाबलं की चालू होईल." मी आणखी वाद घातला नाही. मशीन बंद म्हणजे दसऱ्याला मला कोणी फोन करून बोलावणार नाही, हे माझ्याही मनात आलंच.

सिंक, सिंक, सिंक. मग शेवटचा हुकूम, आणि बटण.

घूं आवाज खाली खाली जात थांबला. इतक्या वर्षांत ती खोली शांत अशी मी ऐकलीच नव्हती. काकांनी आज मनासारखी हळद लावली, नारळ फोडला, मोठा हार घातला. "आता कशी बरी दिसतेय," म्हणाले. दसऱ्याला मी घरी झोपले. आईने सोनं द्यायला उठवलं तेवढीच उठले.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण त्यांच्या खालून येणारा डिस्कचा तो बारीक सूर आला नाही. पडद्यावर एकच ओळ, डिस्क सापडत नाही. पुन्हा केलं. तेच. सगळ्या मालाचा हिशेब, सगळ्या बॅचेस, लॅबचे निकाल त्याच्या पोटात होते. टेपवर नक्कल होती, पण ती टेप वाचणारं दुसरं मशीन आता कुठे होतं? साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते. काका त्यांच्या मागे, चपला हातात घेऊन. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मी मुंबईच्या त्या इंजिनिअरांच्या घरी फोन लावला. निवृत्त झाले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिकटलीय ती. फिरती राहते तोवर ठीक, थांबली की आतली तबकडी धरून बसते. डिस्क बाहेर काढा, दोन्ही हातांनी आडवी धरा आणि मनगटातून एक झटका द्या. हळू देऊ नका, आणि जोरातही नको." मी विचारलं, म्हणजे किती? ते म्हणाले, "ते सांगता येत नाही."

मला सांगायची गरज नव्हती. धरलेला सांधा किती जोराने सोडवायचा, हे मी रोज सकाळी करत होते. खाली फरशीवर बसले, डिस्क मांडीवर घेतली. हे उठलं नाही तर आई डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत भिंतीकडे तोंड करून पडणार, एवढंच डोळ्यांसमोर होतं. झटका दिला. काही नाही. नारळातलं पाणी बघावं तशी कानाशी नेली. परत दिला, आणि आत काहीतरी सुटलेलं हाताला कळलं. बसवली, बटण दाबलं. सूर आला. काकांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि मशीनला हात जोडले. मी रडले, साहेबांच्या समोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पडद्यावर तारीख आली, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. आतल्या घड्याळाचा सेल संपला होता आणि युनिक्स काळ तिथूनच मोजतं. मशीनला वाटत होतं, अजून काहीच घडलेलं नाही. मी तारीख दुरुस्त केली.

साहेबांनी मात्र त्याच दिवशी मुंबईला कळवलं. भित्रा नव्हता माणूस, पण त्यांना एकदा कळलं की हे थांबू शकतं, आणि मग त्यांना धीर धरवेना. पीसी आले. मीच त्या मशीनच्या पोटातलं एकेक ओढून बाहेर काढलं आणि पीसीवर चढवलं. मी जिवंत केलं म्हणूनच ते रिकामं करता आलं. मेलं असतं तर निदान मला हे हाताने करावं लागलं नसतं. मुंबईची बदली नको म्हणून मी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी एसी आधीच काढून नेला होता, भिंतीला भोक राहिलं होतं. काकांनी तरी चपला बाहेर काढल्या. मी तीनदा सिंक केलं. डिस्कवर उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी केलं. आवाज थांबला. काकांनी कपाटाच्या दारावरून हात फिरवला.

"माझ्यामुळं झालं काय गो सगळं?" मग म्हणाले.

"नाय काका," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. "दमली व्हती ती."

"आनि तू?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

दुपारच्याच गाडीने पेणला आले. रस्त्याकडेच्या कारखान्यांत नव्या गणपतींना हात बसवायचं काम चाललं होतं. आई खाटेवर बसली होती.

"आज लवकर आलीस गो? मशीन बंद पडला काय?"

"बंद केलं," म्हटलं. पर्स ठेवली आणि तिच्या शेजारी टेकले. टेकले ती टेकलेच. पाय हलेनात, हात उचलेना. मला खरंच भीती वाटली की आता मी उठणार नाही. एवढी वर्षं फिरत होते म्हणून चालत होते. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उजवा हात, तिचा एकच चालणारा हात, माझ्या खांद्यावर ठेवला आणि गदागदा हलवला. हळू नाही, आणि जोरातही नाही.

"ऊठ गो," म्हणाली. "च्या ठेव."