मी न लिहिलेली एक ओळ

आधी माझा मूर्खपणा सांगते, मग हसा किंवा घाबरा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी भंडाऱ्यात कालव्याच्या एका ऑफिसात प्रोग्रामर होते — दोन वेण्या, एक कोर्स आणि आभाळाएवढा तोरा. कोणत्या गावाला कधी पाणी, ती पाळी माझा प्रोग्राम काढायचा. त्यात काही बदल केला की मशीन विचारायचं, काय बदललं? आणि माझं उत्तर तारीख-वेळेसकट जपून ठेवायचं. मी दरवेळी एकच ठोकायची — ‘मायनर चेंज’. भुताखेतांवर तर माझा विश्वास नव्हताच, लिहून ठेवण्यावरही नव्हता.

त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला. धानाची रोपं, आमचे पऱ्हे, पिवळे पडले; त्यांची लावणी, म्हणजे रोवणे, अडले. साहेब म्हणाले, नव्या पाळीसोबत आजवरच्या बदलांची यादीही गावोगावी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांना द्या. मला काय... साठवलेल्या ओळी काढायच्या आणि छापायच्या. आंबागडचे पाटकरी डोमाजीकाका कागद न्यायला बाकावर बसलेलेच होते.

प्रिंटर करकरला. मायनर चेंज, मायनर चेंज, मायनर चेंज... आणि मधेच, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत — ‘आंबागड सुटलं’.

ही ओळ माझी नव्हती. शेजारी नाव माझंच, पण तिथे छापलेल्या तारखेला-वेळेला मी शहापूरला बहिणीच्या हळदीत होते आणि मशीनच्या खोलीची एकुलती एक किल्ली माझ्या पर्समध्ये.

प्रोग्राम उघडला. गावांची संख्या मीच एकानं कमी टाकली होती. शेवटचं गाव गळलं होतं... आंबागड.

“काहून वो, तोंड काहून उतरलं?”

“काका, तुमचं गावच नव्हतं पाळीत.”

ते उठून उभे राहिले. “मंग? पऱ्हे जळतीन ना आमचे.”

“आता घातलं. मंगळवारी पाणी येते.”

ते बसले. मीही बसले — चक्क फरशीवर. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

ती ओळ कोणाची, ते आजतागायत कळलेलं नाही. कंप्यूटरवाले जावईही डोकं खाजवतात.

मंगळवारी ऑफिसच्या जीपमधून मुद्दाम आंबागडला गेले. धानाच्या बांधीत घोट्याएवढं पाणी, बाया वाकून रोवत होत्या. बांधावर उभ्या काकांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू थुंकले आणि म्हणाले,

“तूनं नाई लिवलं ना? मंग ज्यानं लिवलं त्यालेच ठेवा ऑफिसात, त्याले गावाची काळजी हाये. तू चाल रोवण्याले, बाया कमी पडून राहिल्या.”